स्टेडियम रन: बारा तास, दोनशे फेऱ्या आणि मिनिटांचा हिशेब

दहा हजार मीटरची शर्यत म्हणजे ट्रॅकच्या २५ फेऱ्या. नाशिकच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत कांस्यपदक मिळवलं. बारा तासांच्या स्टेडियम रनमध्ये बऱ्यापैकी तयारीचा हौशी धावपटू त्याच मापाच्या, ४०० मीटरच्या ट्रॅकवर दीडशे ते दोनशे फेऱ्या मारतो. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: कंटाळा नाही येत? येतो. पण कंटाळ्याने अंतर फारसं कमी होत नाही. अंतर खातं ते घड्याळ, कारण तुम्ही खुर्चीत बसलात तरी ते चालूच असतं.

नेहमीच्या मॅरेथॉनमध्ये अंतर ठरलेलं असतं, वेळ ज्याची त्याने लावायची. स्टेडियम रन ही टाइम्ड अल्ट्रा, म्हणजे ठरलेल्या वेळेची, मॅरेथॉनहून लांब पल्ल्याची शर्यत. तिच्यात उलट. वेळ ठरलेली, सहसा ६, १२ किंवा २४ तास, आणि तेवढ्या वेळात पायाखालून जितकं अंतर गेलं तो तुमचा निकाल. पहिला आणि शेवटचा दोघंही एकाच भोंग्याला थांबतात. मागे पडलेल्यांना उचलणारी कटऑफची गाडी नाही, रस्ता चुकायची भीती नाही, दर तीन-चार मिनिटांनी पाणी आणि संडास समोर येतो. तीन-चार मॅरेथॉन झाल्या असतील आणि पुढचं पाऊल टाकायचं असेल, तर आधी डोंगरातल्या ट्रेलपेक्षा हा प्रकार बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दर तासाला ६.७०६ किलोमीटरची एक फेरी आणि मैदानात एकच जण उरेपर्यंत शर्यत, ती बॅकयार्ड अल्ट्रा. तिचे डावपेच निराळे, त्यामुळे तिला इथे बाजूला ठेवू.

हे खूळ आजकालचं नाही. १८७०च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मोठ्या सभागृहांत सहा-सहा दिवसांच्या शर्यती भरायच्या आणि लोक तिकीट काढून बघायला जायचे. एडवर्ड पेसन वेस्टनने १८७४ मध्ये न्यूअर्कला सहा दिवसांत ५०० मैल पुरे केले. चोवीस तासांत ग्रीसच्या यानिस कुरोसने १९९७ मध्ये ॲडलेडच्या ट्रॅकवर ३०३.५०६ किलोमीटर काढले. ही नोंद मोडायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला. मोडली ती लिथुआनियाच्या अलेक्झांडर सोरोकिनने, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इटलीतल्या व्हेरोनाला त्याने आकडा ३१९.६१४ किलोमीटरवर नेला. म्हणजे दिवसभर आणि रात्रभर, सगळं खाणंपिणं धरून, किलोमीटरला सरासरी साडेचार मिनिटं. त्याच वर्षी जुलैमध्ये बंगळुरूला झालेल्या आशिया-ओशनिया २४ तास स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने सुवर्ण जिंकलं. तेव्हा हा खेळ आपल्यापासून फार लांबचा नाही.

फेरी मोजतात कशी

ट्रॅकचे ४०० मीटर म्हणजे पहिल्या लेनमध्ये आतल्या कडेच्या उंचवट्यापासून ३० सेंटिमीटरवर मोजलेलं अंतर. तुम्ही दुसऱ्या लेनमधून धावलात तर फेरी ४०७ मीटरची होते, पण नोंद ४०० चीच राहते. दोनशे फेऱ्या दुसऱ्या लेनमधून मारल्या तर जवळजवळ १४०० मीटर पाय फुकट झिजले. पहिल्या लेनला चिकटून राहा म्हणतात ते यासाठी. चालताना मात्र बाहेरच्या लेनमध्ये जा. मागून येणाऱ्या वेगवान धावपटूला दर फेरीला तुम्हाला वळसा घालायला लावणं हा या खेळातला सगळ्यात मोठा असभ्यपणा समजतात. कोणी कुठून ओलांडायचं याचे नियम आयोजकागणिक बदलतात. सुरुवातीच्या सूचना कान देऊन ऐका.

फेरी नोंदवते बिबवरची, म्हणजे धावपटूच्या क्रमांकाच्या पट्टीवरची, किंवा घोट्याला बांधलेली चिप. जमिनीवरच्या मॅटवरून गेलात की नोंद. गडबड सहसा रात्री होते. थंडी वाजते म्हणून धावपटू चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट अंगाभोवती गुंडाळतो आणि बिब त्याच्या आत जातो. बिबवरच्या चिपची लहर धातूच्या पातळ थरातून पार होत नाही, पाण्यातूनही नीट जात नाही. परिणाम, नोंद गायब. बिब नेहमी सगळ्यात बाहेरच्या कपड्यावर, पुढच्या बाजूला असावा. त्यासाठी कमरेचा बिब-बेल्ट शर्टावरच्या सेफ्टी पिनांपेक्षा सोयीचा, कारण कपडे बदलले तरी तो तसाच राहतो.

चुकलेली फेरी ओळखणं सोपं आहे. तुमच्या फेऱ्या ३ मिनिटं १५ सेकंदांच्या चालल्या असतील आणि मध्येच एक साडेसहा मिनिटांची दिसली, तर एक नोंद हुकली. पण तेवढा वेळ तुम्ही संडासात नव्हता हे सांगायला कोणीतरी लागतं. म्हणून क्रूने, म्हणजे टेबलावरून तुम्हाला खाणंपिणं देणाऱ्या मदतनीसांनी, दर तासाला स्क्रीनवरचा आकडा कागदावर उतरवावा आणि तक्रार असेल तर लगेच करावी. बारा तासांनंतर भांडून काही हाती लागत नाही. मनगटावरच्या घड्याळाचा पुरावा तर देऊच नका. छोट्या गोल फेऱ्यांवर जीपीएस बिंदू इकडेतिकडे फेकतं आणि दिवसअखेर दोन-तीन किलोमीटरचा फरक सहज पडतो. अधिकृत अंतर म्हणजे फेऱ्यांची संख्या गुणिले मोजलेली लांबी.

शेवटच्या भोंग्याला तुम्ही फेरीच्या मध्ये कुठेतरी असता. चांगल्या स्पर्धेत अखेरच्या काही मिनिटांत प्रत्येकाला त्याच्या क्रमांकाचा छोटा मार्कर देतात. भोंगा वाजला की पाय जिथे असेल तिथे तो ठेवायचा, मग पंच चाकाने उरलेलं अंतर मोजतात. काही ठिकाणी मात्र पूर्ण फेऱ्याच धरतात. ट्रॅकवर त्यात जास्तीत जास्त ३९९ मीटर बुडतात, पण फेरी दीड किलोमीटरची असेल तर शेवटची पंधरा मिनिटं वाया जाऊ शकतात. नियम नाव नोंदवतानाच विचारून घ्या. शेवटच्या तासाचं गणित त्यावर ठरतं.

मिनिटं कुठे गळतात

आता मुख्य हिशेब. समजा बारा तासांत ८० किलोमीटरचं लक्ष्य आहे. बारा तास म्हणजे ७२० मिनिटं, भागिले ८०, म्हणजे किलोमीटरला ९ मिनिटं. रोज सहा मिनिटांनी धावणाऱ्याला हे हास्यास्पद सोपं वाटतं आणि तिथेच तो फसतो.

या ९ मिनिटांत सगळं आलं: पाणी, लघवी, बुटातला खडा काढणं, शर्ट बदलणं, ओळखीच्या माणसाशी दोन शब्द. तासाला पाच मिनिटं थांबलात तर बारा तासांत एक तास गेला. उरले ६६० मिनिटं, म्हणजे हलत असताना ८ मिनिटं १५ सेकंदांचा वेग लागतो. तासाला दहा मिनिटं थांबलात तर साडेसात मिनिटांचा. आणि थांबण्याची ही दहा मिनिटं कोणालाच दहा वाटत नाहीत. चोवीस तासांच्या शर्यतीत हेच तासाचे पाच मिनिटं दोन तास होतात. ८:१५ च्या वेगाने दोन तास म्हणजे साडेचौदा किलोमीटर. इतकं अंतर कोणत्याही महागड्या बुटाने वाढत नाही.

म्हणून जाणते लोक थांबत नाहीत, चालतात. खाणं हातात घेऊन चालत, पाणी पीत चालत, टोपी बदलत चालत. आणि हे चालणं पहिल्या तासापासून ठरवून. दमल्यावर चालायला लागणं आणि दमू नये म्हणून चालणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ट्रॅकवर ठरवायला सोपी पद्धत: सात फेऱ्या धावायच्या, आठवी चालायची. धावण्याचा वेग साडेसात मिनिटांचा धरला तर फेरीला ३ मिनिटं, सात फेऱ्यांना २१. चालण्याची फेरी ११ मिनिटांच्या वेगाने ४ मिनिटं २४ सेकंद. मिळून ३.२ किलोमीटरला २५ मिनिटं २४ सेकंद, म्हणजे सरासरी ७:५६. ८:१५ हवे होते, त्यामुळे किलोमीटरमागे १९ सेकंद शिल्लक पडतात. ही शिल्लक आठव्या-नवव्या तासाला लागणार आहे. तेव्हा चक्र चार फेऱ्या धावणं आणि एक चालणं असं आलेलं असतं, कधी दोनास एक.

वेग पडतोच. सगळ्यांचा पडतो. कमी पडणं हेच कौशल्य. बारा तासांतल्या पहिल्या सहा तासांत एकूण अंतराच्या ५३ ते ५५ टक्के झालं असेल तर शर्यत नीट चालली आहे असं समजा. साठ टक्के झालं असेल तर सुरुवातीला उधळपट्टी झाली. पहिले तीन तास इतके सावकाश वाटले पाहिजेत की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील. पहिल्या तासात तुम्हाला पंधरा जण ओलांडून जातील. जाऊ द्या. ट्रॅकवर कोण पुढे आणि कोण एक फेरी मागे हे दिसतही नाही, त्यामुळे कोणाच्या पाठीमागे लागण्यात तसाही अर्थ नसतो.

पोट

साठ किलोचा माणूस एक किलोमीटरला ढोबळमानाने ६० कॅलरी जाळतो. ८० किलोमीटरला ४८०० झाल्या. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, १६०० ते २००० कॅलरींचं. बाकीचं चरबीतून आणि खाण्यातून यायला हवं. चरबी भरपूर असते, अगदी सडपातळ माणसाकडेही, पण ती सावकाशच जळते. वेग वाढवला की शरीर साखरेकडे वळतं. सावकाश धावा म्हणण्यामागचं हे दुसरं कारण.

तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे बहुतेकांना पेलणारं प्रमाण आहे. सराव असेल तर जास्तही चालतात. आकडे असे धरा: मध्यम केळं २५ ग्रॅम, १०० ग्रॅम उकडलेला बटाटा १८ ते २०, ३० ग्रॅम मनुका म्हणजे लहान मूठ, २३ ते २४. अर्धं केळं, एक छोटा मीठ लावलेला बटाटा आणि अर्धी मूठ मनुका मिळून साधारण ४२ ग्रॅम झाले, एका तासाचं भागलं. निफाड-पिंपळगावच्या मनुका स्वस्त आणि खिशात मावणाऱ्या, पण तासन् तास फक्त त्यावर राहिलात तर पोट सुटतं. द्राक्षं तोंडाला चव आणायला छान. मात्र १०० ग्रॅममध्ये १७-१८ ग्रॅमच कर्बोदकं आणि बाकी बहुतेक पाणी, तेव्हा ती इंधन म्हणून मोजू नका. सहाव्या-सातव्या तासापासून गोड नकोसं होतं. तेव्हा तांदळाची पेज, मऊ भात-मीठ, पातळ वरण. साबुदाण्याची खिचडी सगळ्यांना आठवते, पण त्यातलं तेल आणि दाण्याचं कूट पोटात बसून राहतं. आदल्या संध्याकाळी मिसळीचा मोह झालाच तर तिखट तर्री दुसऱ्याला द्या.

खाणं तासाला एकदा ताटभर नको. दर वीस मिनिटांना दोन घास. भूक लागायची वाट बघू नका. चौथ्या तासाला भूक मेलेली असते आणि साठा खाली गेलेला असतो.

पाण्याचं उलट आहे. पाणी तहानेनुसार. हिवाळ्यात तासाला ४०० ते ६०० मिलिलीटर बहुतेकांना पुरतं, उन्हात ८०० पर्यंत जातं. स्वतःचं प्रमाण काढायला सोपा प्रयोग: एक तास धावण्यापूर्वी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. मधलं पाणी धरून जितकं वजन उतरलं तितका घाम; एक किलो म्हणजे एक लिटर. तो सगळा भरून काढायचा नाही. दिवसभरात दोन-तीन टक्के वजन उतरलं तर ते ठीकच. वजन वाढलं तर धोका. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. अंगठी घट्ट होते, बोटं सुजतात, डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी आणखी साधं पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं. थेट डॉक्टरांकडे न्या.

मिठाबद्दल एक गैरसमज. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस लिटरमध्ये सुमारे १७२५ मिलिग्रॅम सोडियम देतं, पण साखर फक्त साडेतेरा ग्रॅम. म्हणजे २०० मिलिलीटर प्यायलात तर सोडियम ३४५ मिलिग्रॅम, साखर तीन ग्रॅमांहून कमी. ओआरएस मिठासाठी आहे. त्याने शक्ती येत नाही. नुसतं ओआरएस पीत बसलेला माणूस सहाव्या तासाला रिकामा होतो आणि आपण तर व्यवस्थित पीत होतो म्हणून बुचकळ्यात पडतो. तासाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम पुरे. एक ग्रॅम साध्या मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम असतं, तेव्हा मीठ लावलेले बटाटे आणि पेज यांतून बरंच येतं.

मळमळ सुरू झाली तर दोन फेऱ्या फक्त चाला. धावताना रक्त पायांकडे जातं, पोटाला कमी मिळतं आणि आत गेलेलं अन्न तसंच राहतं. वेग उतरवला की पोट पुन्हा काम करू लागतं. आल्याचा तुकडा चघळा, पाण्याचे छोटे घोट घ्या, वीस मिनिटांनी अर्धा घास खाऊन बघा. उलटी झाली तरी शर्यत संपत नाही. बऱ्याचदा त्यानंतर बरं वाटतं.

वेदनाशामक गोळी मात्र घेऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. आधीच पाणी कमी, स्नायूंतून सुटलेली प्रथिनं रक्तात, त्यात ही गोळी. लघवी कोलाच्या रंगाची झाली किंवा सहा तास झालीच नाही, तर फेऱ्या तिथेच थांबवायच्या.

वळण आणि पाय

ट्रॅकवर डावीकडेच वळायचं असतं. दोनशे फेऱ्यांत चारशे वळणं, सगळी एकाच बाजूला. डावा पाय आतल्या बाजूने जरा आखूड आणि तिरका पडतो, उजव्याला बाहेरून जास्त ढकलावं लागतं. चार-पाच तासांनी डावा घोटा किंवा कंबर आणि उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. म्हणून व्यवस्थित स्पर्धांत ठरावीक तासांनी, बहुधा चार किंवा सहा, दिशा बदलतात. फेरी पूर्ण करून मॅटच्या पुढच्या शंकूला वळसा घालायचा आणि उलट निघायचं. दिशा बदलली की समोरून येणारे चेहरे दिसतात, थोडी करमणूकही होते. सरावात हे करायला विसरू नका.

फोड येतात ते घाम, उष्णता आणि घासण्याने. तासांगणिक पाय सुजतो, म्हणून बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, दुसरा जोड आणखी सैल. नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या दिवशी नको. मांड्या, काखा, पुरुषांनी स्तनाग्रं, स्त्रियांनी ब्राच्या पट्ट्याखालची जागा, इथे पेट्रोलियम जेली आधीच लावा आणि दर तीन तासांनी पुन्हा. खोबरेल तेल लवकर उडून जातं. पायाला कुठे ‘गरम’ लागायला लागलं की त्याच फेरीला थांबा आणि टेप लावा. यात गेलेली तीन मिनिटं ही सगळ्या शर्यतीतली सगळ्यात चांगली गुंतवणूक. फोड मोठा झालाच तर निर्जंतुक सुईने कडेला दोन छिद्रं पाडून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा, कोरडं करून टेप लावा.

नाशिकची थंडी

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, हवा कोरडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला त्याहून बराच खाली, आणि दुपारी तोच २८-३० पर्यंत चढतो. धावायला हा उत्तम हंगाम, पण चोवीस तासांच्या शर्यतीत अंगाला वीस अंशांचा फरक सोसावा लागतो आणि जवळजवळ तेरा तास अंधार असतो.

चूक नेहमी एकाच वेळी होते: सूर्य मावळताना. दिवसभराच्या घामाने शर्ट ओला आहे, अजून थंडी वाजत नाही, म्हणून धावपटू तसाच पुढे जातो. तासाभराने वेग पडलेला, अंगातली ऊब कमी झालेली, आणि एकदम दात वाजायला लागतात. मग तंबूत ब्लँकेट घेऊन बसणं आलं, आणि तिथून बाहेर पडणारे थोडे. नियम सोपा ठेवा: साडेपाचला कोरडा शर्ट, सहाला पातळ जॅकेट, आठला हातमोजे आणि माकडटोपी, लाज न बाळगता.

दुपारचं ऊन हलक्यात घेऊ नका. सावली नसलेल्या मैदानावर बारा ते चार किलोमीटरला ३० ते ६० सेकंद सोडून द्या, डोक्यावर आणि मानेवर पाणी ओता, टोपीत बर्फ ठेवा. पावसाळ्यात नाशिकला अशी शर्यत करायच्या भानगडीत पडू नये. भिजलेले पाय चार तासांत सोलतात.

रात्री दोन ते पाच ही वेळ सगळ्यांची पडती. शरीराचं तापमान तेव्हा सर्वात खाली असतं, झोप कडाडून येते, आणि सगळं सोडून घरी जावं असं वाटतं. हे नाटक शरीराचं आहे हे आधी ठाऊक असलं की बरं. त्या आधी चहा-कॉफी जपून प्या म्हणजे एक वाजता घेतलेला कप काम करतो. फारच झाली तर गजर लावून पंधरा मिनिटं आडवं व्हा, त्याहून जास्त नको. पायाखालची जमीन हलायला लागली तर मात्र डुलकी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. उजाडलं की वेग आपोआप परत येतो.

क्रू

लांब पल्ल्याच्या खेळात मागच्या टेबलावरच्या माणसांचं मोल नाशिकला वेगळं सांगायला नको. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये सुमारे ४८०० किलोमीटरची रेस ॲक्रॉस अमेरिका दोघांच्या संघात सायकलवर पूर्ण केली. अशा शर्यती क्रूशिवाय होतच नाहीत. स्टेडियम रनमध्ये क्रूचं काम त्यामानाने सोपं, आणि एका गोष्टीत खास: धावपटू दर तीन-चार मिनिटांनी समोरून जातो. त्याचा उपयोग करून घ्या. या फेरीला मागणी, पुढच्या फेरीला वस्तू. धावपटूने ओरडून सांगायचं, ‘पुढच्या फेरीला पेज!’ आणि ती पेज कोमट, पेल्यात ओतून, हात लांब करून तयार पाहिजे. ‘थांब, शोधते’ असं म्हणायची वेळ आली की अर्धं मिनिट गेलं.

दहाव्या तासाला धावपटूला ‘काय हवं?’ विचारू नका. त्याचं उत्तर ‘काही नको’ हेच असतं. ‘दादा, पेज की बटाटा?’ असं विचारा. क्रूच्या वहीत पाच रकाने पुरे: वेळ, फेरी, काय खाल्लं, किती प्यायलं, लघवी झाली का. खुर्ची असावी, पण तिच्यावर सामान ठेवावं. आणि क्रूने शेजारी धावत सोबत करायची नाही. बहुतेक स्पर्धांत त्याला बंदी आहे आणि मदत ठरलेल्या पट्ट्यातच द्यायची असते.

सराव

नाशिकचे धावपटू गंगापूर धरणाच्या रस्त्याला, पांडवलेणीच्या पायऱ्यांना, अंजनेरीकडे जातात. दमासाठी ते चांगलंच, पण सपाट गोल फेरीचा मार वेगळा असतो. चढ-उतारावर स्नायू आळीपाळीने काम करतात. सपाटीवर एकाच स्नायूला तासन् तास तोच ठोका बसतो. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा लांबचा सराव छोट्या फेरीवर करा. गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक त्याला उपयोगी, फक्त सकाळी सहा ते आठ फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. त्यांना हटवत धावू नका, पहाटे चारला या.

बारा तासांसाठी मॅरेथॉनचा पाया असलेल्याला चार महिने पुरेत. आठवड्याला ५० किलोमीटरवरून हळूहळू ७० पर्यंत, दर चौथ्या आठवड्याला थोडं उतरवून. सगळ्यात लांब सराव पाच-सहा तासांचा, तोही शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी. त्यापेक्षा लांबने फायदा कमी आणि दुखापत जास्त. शनिवारी तीन तास आणि रविवारी दोन अशी जोडी लावली की थकलेल्या पायांवर धावायची सवय होते. एकदा तरी रात्री दहा ते दोन धावून बघा. आणि झपाझप चालण्याचा सराव करा. ११ मिनिटांच्या वेगाने चालणं शिकावं लागतं, ते आपोआप येत नाही. शर्यतीत जे खाणार तेच, त्याच वेळी, सरावात खा. चाळिशी उलटली असेल किंवा रक्तदाब, मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.

भोंगा वाजल्यावर

लगेच खाली बसू नका. पायांत साठलेलं रक्त वर यायला वेळ लागतो आणि अचानक थांबलेला माणूस चक्कर येऊन पडतो. पाच-दहा मिनिटं चालत राहा. चक्कर आलीच तर आडवे होऊन पाय उंच ठेवा. कोरडे कपडे, ऊबदार काहीतरी, मग खाणं. घरी स्वतः गाडी चालवत जाऊ नका, दुचाकी तर अजिबात नाही. रात्रभर जागलेल्या माणसाला सिग्नलवर डुलकी लागते.

पाय दोन-तीन दिवस सुजलेले राहतात, नखं काळी पडतात. पहिला आठवडा फक्त चालणं, दुसऱ्यात थोडं हलकं धावणं, चौथ्या आठवड्यापर्यंत वेगाचा सराव नको. या दिवसांत दुसऱ्या कशासाठी रक्त तपासलंत तर सीपीके आणि एसजीओटी हे एन्झाइम भरमसाट वाढलेले दिसतील. ते स्नायूंतून आलेले असतात, पण कागद बघणाऱ्याला यकृताची किंवा हृदयाची शंका येऊ शकते, तेव्हा शर्यत कधी झाली आणि किती तासांची होती हे डॉक्टरांना आधीच सांगा.